दुधाची कामे, अंड्याची कामे

दूध, दही, तूप आणि अंडी यांचा त्याग करून केवळ वनस्पतिजन्य आहारावर राहण्याचा, म्हणजे ज्याला आज सर्वत्र व्हीगन आहार म्हणतात तो स्वीकारण्याचा संकल्प ज्यांनी केला आहे, मग तो प्राण्यांविषयीच्या करुणेने केलेला असो, प्रकृतीच्या कारणास्तव असो की पर्यावरणाच्या चिंतेपोटी असो, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न बहुधा हाच उभा राहतो की दुधाऐवजी घ्यायचे काय. आणि या प्रश्नाचे एकच एक उत्तर शोधण्याच्या खटपटीत पुष्कळांचा संकल्प महिन्या-दोन महिन्यांत ढिला पडतो. बदामाचे दूध आणावे तर ते चहात बेचव लागते, सोयाबीनचे करावे तर त्याला उग्र दर्प येतो, नारळाचे घ्यावे तर त्याचे दही नीट लागत नाही, आणि मग हा आहार आपल्याला झेपणारा नव्हे असा ग्रह होऊन बसतो. माझ्या मते येथे मुळात प्रश्नाची मांडणीच चुकलेली असते. आपल्या स्वयंपाकघरात दूध हा अनेक खात्यांचा कारभार एकट्याने पाहणारा जुना कारभारी आहे: चहाला दाटपणा, कढीला आंबटपणा, भाताला स्निग्धता, मिष्टान्नाला गोडवा आणि शरीराला प्रथिने व कॅल्शियम अशी नाना कामे तो करीत असतो. त्याला निरोप द्यायचा तर त्याच्या जागी दुसरा एकच कारभारी नेमून भागत नाही. प्रत्येक खात्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते.

या बाबतीत महात्मा गांधींचा दाखला मोठा उद्बोधक आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ साली त्यांनी आपले स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. पुढे खेडा सत्याग्रहाच्या श्रमांनंतर, १९१८ साली, अतिसाराने त्यांना अंथरुणाला खिळविले. अंगात पुन्हा शक्ती येईना, आणि अखेर मुंबईत डॉक्टर दलाल यांनी दुधाचा आग्रह धरला तेव्हा, व्रत घेताना आपल्या डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस एवढीच होती असा आधार घेऊन, कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध पत्करले. या तडजोडीची बोच त्यांनी आत्मकथेत लपविलेली नाही. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ त्यांना हवा होता आणि तो त्यांना सापडला नव्हता. त्यांच्या शोधात निष्ठेची कसूर नव्हती, उणीव होती ती तत्कालीन शास्त्राच्या ज्ञानात. ब-१२ हे जीवनसत्त्व अमेरिका आणि इंग्लंड येथील संशोधकांनी वेगळे काढले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हाही या आहारात नेमके काय कमी पडते हे कोणाला सांगता आले नसते. आज ते सांगता येते, आणि म्हणून या वाटेवर आज पाऊल टाकणाऱ्याने स्वयंपाकाच्या आधी पोषणाचा हिशेब मांडावा अशी माझी कळकळीची शिफारस आहे.

या हिशेबातील पहिली बाब ब-१२ हीच, आणि तिच्याबाबत कोणतीही सवलत नाही. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात. वनस्पतींपासून ते भरवशाने मिळत नाही. आंबवलेली इडली, मोड आलेली कडधान्ये, स्पिरुलिना नावाचे शेवाळ यांतून ते मिळते असे सांगणारे पुष्कळ भेटतील, परंतु स्पिरुलिनात जे आढळते ते मुख्यतः शरीराला निरुपयोगी असे तत्सम द्रव्य असते. तेव्हा गोळी घेणे हाच खरा इलाज. व्हीगन सोसायटीची शिफारस अशी की पूरक गोळी घ्यायची तर दररोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून किमान २००० मायक्रोग्रॅमची घ्यावी. आपल्याकडे दूधदही खाणाऱ्या शाकाहारी माणसांतही या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळत असल्यामुळे, आहार बदलण्यापूर्वी एकदा रक्ततपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट. कारण हातापायांना मुंग्या येणे, अकारण थकवा वाटणे ही लक्षणे सावकाश येतात, आणि मज्जातंतूंची हानी फार काळ दुर्लक्षित राहिली तर ती पूर्णपणे भरून निघेलच अशी खात्री देता येत नाही.

दुसरी बाब कॅल्शियमची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ माणसासाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम हे प्रमाण सांगितले आहे. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास भरते, आणि एवढ्या पिठाच्या दोन बेताच्या भाकऱ्या होतात. तिळात तर कॅल्शियम मुबलक. शेवग्याचा पालाही या बाबतीत श्रीमंत. परंतु कोष्टकातील आकडा आणि शरीराच्या पदरात पडणारा अंश यांत अंतर असते हे विसरू नये: तिळाच्या सालीतील आणि पालकातील ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियमला अडकवून ठेवते, म्हणून पालकावर विसंबू नये, आणि नाचणी शक्यतो भिजवून, मोड आणून, वाळवून दळावी, म्हणजे तिच्यातील फायटेटचा अडसर कमी होतो. बाजारातील सोया दूध घेणार असाल तर कॅल्शियम घातलेले घ्यावे आणि ओतण्यापूर्वी खोके चांगले हलवावे, कारण ते कॅल्शियम तळाशी बसते.

प्रथिनांची चिंता मात्र लोक समजतात तितकी नाही. पेलाभर दुधात सुमारे साडेसहा ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिन असते. तेवढे उसळीच्या मोठ्या वाटीतून मिळते. गैरसमज होतो तो निराळ्या ठिकाणी. सोयाबीनचे दूध प्रथिनात गाईच्या दुधाच्या जवळपास येते, परंतु बदामाच्या विकतच्या पातळ दुधात प्रथिन नाममात्र असते आणि नारळाच्या दुधात मुख्यतः स्निग्धांशच असतो. चवीसाठी ती दोन्ही उत्तम, पण ती पिऊन आपण दूध प्यालो असे समजणे ही स्वतःची फसवणूक होय. ड जीवनसत्त्वासाठी ऊन आणि गरज पडल्यास गोळी, लोहाच्या शोषणासाठी पानात लिंबाची फोड आणि जेवणाला लागून चहा न घेण्याचा नेम, आयोडीनसाठी साधे आयोडीनयुक्त मीठ, आणि ओमेगा-३ या मेदाम्लासाठी रोज चमचाभर जवसाची ताजी पूड, एवढ्यावर बाकीचा बंदोबस्त होतो. एक इशारा मात्र निक्षून देतो: वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी घरी केलेले शेंगदाण्याचे, बदामाचे वा तांदळाचे दूध कदापि देऊ नये, आणि गर्भवती स्त्रिया, लहान मुले व दीर्घकालीन दुखणेकरी यांनी हा बदल वैद्यकीय देखरेखीखालीच करावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्या लोकांचा प्राण पहिल्यांदा चहात अडकतो, म्हणून आरंभ तेथूनच केलेला बरा. सोयाबीन रात्रभर भिजवून, चोळून सालपटे काढून, थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्याबरोबर वाटले म्हणजे त्याचा तो उग्र दर्प पुष्कळसा उत्पन्नच होत नाही, कारण दर्प निर्माण करणारे विकर त्या उष्णतेने निकामी होते. गाळलेले दूध पंधरा-वीस मिनिटे ढवळत उकळणे आवश्यक. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाच्या पचनाला विरोध करणारे घटक असतात, ते उकळण्यानेच नष्ट होतात. चहाचे पाणी, साखर, आले यांना आधी चांगली उकळी आणून, ते गाळून, मग वेगळे गरम केलेले सोया दूध त्यात ओतावे. चहाबरोबर दूध धडधडा उकळले की ते फाटते. ज्यांना ही चव रुचत नाही त्यांनी मूठभर काजू भिजवून मऊ वाटून पाहावे. कोरा चहा लिंबू पिळून घेण्याची सवय लागली तर उत्तमच, परंतु पहिल्याच आठवड्यात ती सक्ती स्वतःवर करू नये.

दह्याच्या बाबतीत मला शेंगदाणा सर्वांत विश्वासू वाटतो. तो स्वस्त आहे, घरोघर आहे, आणि त्याचे दही कोशिंबिरीत, कढीत व ताकात इमानाने काम देते. एक वाटी शेंगदाणे निवडून घ्यावेत, आणि निवडताना काळवंडलेला, सुरकुतलेला वा बुरशीचा वास येणारा एकही दाणा ठेवू नये, कारण बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. सात-आठ तास भिजल्यावर साले चोळून काढावीत, थोड्या पाण्यात गंधासारखे मऊ वाटून मग एकूण तीन वाट्या पाणी होईल इतके वाढवावे, आणि मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यावे. हे दूध मंद आंचेवर, तळ लागू न देता, सतत ढवळत उकळी येईपर्यंत शिजवावे. ते दाटसर होऊन चमच्याच्या पाठीवर थर धरू लागले की उतरवावे. बोटाला सोसवेल इतके कोमट झाल्यावर विरजण लावायचे. पहिल्या खेपेस दुधाच्या दह्याचे विरजण नको असेल तर हिरव्या मिरच्यांची आठ-दहा ताजी देठे, टोपीसकट, धुऊन त्यात बुडवून ठेवावीत. त्या देठांवर दही लावणारे जंतू असतात, आणि आठ ते बारा तास उबेला ठेवल्यावर भांड्यात दही लागलेले दिसते. हे पहिले दही सैल असते आणि त्याला मिरचीचा किंचित वास असतो, म्हणून त्याने निराश न होता त्यातले दोन चमचे पुढच्या दुधाला विरजण म्हणून लावावेत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून ते घट्ट, पांढरे आणि नेमक्या आंबटपणाचे लागते. त्यावर रंग चढला, तार सुटू लागली वा वास बिघडला, तर मोह न धरता टाकून द्यावे. कढीसाठी यात नेहमीप्रमाणे बेसन लावावे, मात्र आंच मंद ठेवावी.

पनीराचे काम टोफू करतो. गरम सोया दुधात लिंबाचा रस घालून ते नासवले आणि वजनाखाली दाबले की वडी पडते. खाण्याच्या प्रतीचे कॅल्शियम सल्फेट वापरून केलेला टोफू अधिक चांगला, कारण त्यात कॅल्शियमचीही भर पडते. टोफू मुळात चवीला अलिप्त असतो, तेव्हा त्याला मीठ, हळद, तिखट आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवल्याविना रश्शात सोडू नये.

सर्वांत कठीण निरोप तुपाचा, कारण वरणभातावरील तुपाची धार ही नुसती चव नव्हे, तीत आपले बालपण असते. याला विदर्भाने फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. तेथे गोळाभात आणि वडाभात यांवर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी दिलेले तेल वाढतात. साध्या वरणभातावरही तशी चमचाभर घाण्याच्या शेंगदाणा तेलाची फोडणी आणि लिंबू घेऊन पाहावे. पोळीच्या कणकेला आणि करंजीच्या पारीला तेलाचे मोहन चालते. लाडवांसाठी खोबरेल तेल तुपासारखे थिजते, म्हणून रव्या-बेसनाच्या लाडवांना तेच योग्य, मात्र ते खाण्याचे आणि वासाला ताजे हवे.

मिष्टान्नांविषयी माझे मत ठाम आहे: बासुंदी, पेढा आणि खव्याचे गुलाबजाम यांच्या प्रतिकृती करण्यात शक्ती खर्चू नये. काजूच्या वाटणाची बासुंदी होते, पण खाणाऱ्याच्या जिभेवर मूळ बासुंदीची तुलना सतत चालू राहते आणि त्या तुलनेत ती नेहमी हरते. त्यापेक्षा ज्या पदार्थांनी दुधाकडे कधी पाहिलेच नाही ते पदार्थ जवळ करावेत, आणि त्यांची खाण कोकणात व गोव्यात आहे. सिंधुदुर्गात शिरवाळे करतात: तांदळाच्या पिठाची उकड मळून, तिचे मुटके उकडून, ते साच्यातून गरम असतानाच दाबले जातात, आणि पांढऱ्या शेवयांचे ते चवंगे गूळ व वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. त्या रसाला पहिले दाट दूधच वापरावे आणि तो चुलीवर उकळू नये, नाहीतर तो फुटतो. गोव्याचे मणगणे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तांदूळ-नारळ-माडाच्या गुळाचे दोदोल, तवशाचे धोंडस, हे सारे तुपाचा हात आवरला की मूळचेच या आहारातले. पुरणपोळीबरोबर नारळाचे दूध घेण्याची रीत कोकणात आहेच. उकडीच्या मोदकावरही तूप न घेता तोच रस घ्यावा. आमसुलाची सोलकढी तर ताकाची आठवण होऊ देत नाही. उपवासाच्या दिवशी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आहेच. फक्त त्यांची फोडणी तुपाऐवजी तेलाची असावी. मधही या आहारात बसत नाही. त्याच्या जागी काकवी घ्यावी.

अंड्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा, परंतु त्यातही अंडे त्या पदार्थात कोणते काम करीत होते हे आधी ठरवले पाहिजे. नुसते आम्लेट हवे असेल तर टोमॅटो आम्लेट नावाचा बेसनाचा पदार्थ मराठी घरांत आणि उपाहारगृहांत कित्येक वर्षे मान्यता पावलेला आहे. वाटीभर बेसनात पाव वाटी तांदळाचे पीठ, बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद घालून घावनाच्या पिठाइतके सैल करावे आणि लोखंडी तव्यावर झाकण ठेवून शिजवावे. अंड्याचा तो विशिष्ट वासही हवा असेल तर पादेलोण वापरावे. त्यात गंधकाची संयुगे असल्यामुळे तो वास येतो, परंतु उष्णतेने तो उडून जात असल्याने पादेलोण शिजताना न घालता वाढताना वरून भुरभुरावे. कुस्करलेल्या टोफूची भुर्जीही अशीच होते. पादेलोण आयोडीनयुक्त मिठाची जागा घेत नाही, एवढे ध्यानात असावे.

बांधून ठेवणे हे अंड्याचे दुसरे काम. कटलेटला वरून लावण्यास बेसनाचे वा तांदळाच्या पिठाचे पातळ मिश्रण पुरते. बिस्किटे, ब्राउनी अशा जड पदार्थांत एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. ती बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. फुगवण्याचे काम असेल तर जवस कामाचा नाही: केकसाठी पेलाभर सोया दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवावे, सोडा कोरड्या पिठात मिसळावा, आणि दोन्ही एकत्र केल्यावर वेळ न दवडता भांडे भट्टीत सरकवावे, कारण उत्पन्न होणारा वायू कोणाची वाट पाहत नाही. फेस हवा असेल तेथे काबुली चण्याच्या शिजवणाचे दाटसर पाणी उपयोगी पडते. जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने २०१४ साली दाखवून दिले की हे पाणी घोटले असता अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताठ फेस धरते. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे अंदाजे एक अंडे, आणि थेंबभर लिंबाने फेस टिकतो. मेयोनेझसाठी अर्धी वाटी सोया दूध, एक वाटी तेल, मोहरीची पूड आणि लिंबू विजेच्या घोटणीने घोटले की अंड्याची आठवणही होत नाही. परंतु ज्या पदार्थाचा देहच अंड्याचा आहे, जसे अनेक पिवळ्या बलकांवर उभे असलेले गोव्याचे बिबिंक, त्याच्या नादी लागू नये.

बाजारात जाताना एक खूणगाठ बांधावी. वेष्टनावरील हिरवी खूण शाकाहाराची हमी देते, दुधाच्या अभावाची नव्हे. 'एगलेस' केकमध्ये दही किंवा आटवलेले दूध असण्याचाच संभव अधिक. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र चिन्ह ठरवून दिले आहे, ते पाहावे. ते नसेल तर घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल यांपैकी काही दडले आहे का ते वाचावे. बिस्किटे, टोस्ट, चॉकलेट आणि उपाहारगृहातील नान यांची चौकशी विशेष करावी.

बदल किती जलद करावा, याला सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. तरी एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी आधी आपल्यापुरते दही व चहा बदलावे, मग तूप, आणि देवघरातील पंचामृताचा विषय घरच्या वडीलधाऱ्यांशी सावकाश बोलून सोडवावा. त्यांच्या श्रद्धेला धक्का देऊन घरात कायमची कटुता आणण्याइतकी घाई कोणत्याही आहाराला नसते. कोणाच्या घरी जेवायला जायचे असेल तर यजमानांना आदल्या दिवशीच कळवावे, आणि 'मी दूध खात नाही' एवढ्यावर न थांबता काय चालते ते नावानिशी सांगावे: पिठले-भाकरी, तेलाच्या फोडणीची आमटी, भरली वांगी, उसळ, ठेचा, साधा भात. असे सांगितले म्हणजे यजमानीण संकोचात पडत नाही, आणि पानात वाढताना वरणावर तूप पडण्यापूर्वी तिचा हात आपणहून थांबतो.